मॅडमसाठी एकच जागा का?

विद्यापीठाच्या सिनेटची निवडणूक म्हटलं की आपल्यातल्या बहुतेकजणी ती बातमी सोडून पुढे जातात. प्राध्यापकांचं आपापसातलं राजकारण, आपल्याला काय त्याचं, असं वाटतं. पण मैत्रिणींनो, आपली लेक गावातल्या कॉलेजात शिकते. तिचा निकाल लांबतो, परीक्षेचं केंद्र दूरच्या गावाला पडतं, वसतिगृहात जागा मिळत नाही. मग आपण कॉलेजच्या ऑफिसात चकरा मारतो आणि तिथला क्लार्क सांगतो, "विद्यापीठाचा निर्णय आहे, आमच्या हातात काही नाही." त्या विद्यापीठाला जाब विचारायची जागा म्हणजेच ही सिनेट.

मराठीत तिला अधिसभा म्हणतात. २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणे विद्यापीठाचं अंदाजपत्रक तिच्यापुढे येतं. शिक्षणाबद्दल समाजाचं काय म्हणणं आहे, ते विद्यापीठाच्या कानावर घालण्याचं कामही कायद्याने तिलाच दिलंय. प्राचार्य, संस्थाचालक आणि पदवीधर यांच्या प्रतिनिधींबरोबर कॉलेजांच्या शिक्षकांतूनही १० जण इथे निवडून जातात. मुदत पाच वर्षांची. या १० जागांपैकी ५ खुल्या, ४ मागास प्रवर्गांसाठी एकेक आणि १ स्त्रियांसाठी राखीव.

दहात एक! आपल्याकडे ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. जिथे पीएच.डी. झालेल्या बायका मतदार आहेत, तिथे मात्र एक. आणि विद्यापीठांची नावं बघा. मुंबईचं श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांच्या नावाचं, पुण्याचं २०१४ पासून सावित्रीबाईंचं, जळगावचं २०१८ पासून बहिणाबाईंचं, सोलापूरचं २०१९ पासून अहिल्यादेवींचं. पाटीवर बाईचं नाव लावायला आपण हौसेने तयार असतो, निर्णयाच्या खुर्चीवर बसवताना मात्र हात आखडतो.

कोणी म्हणेल, एक जागा राखीव आहे म्हणून काय झालं, खुल्या पाच जागांवर बायकांना कुणी अडवलंय? राखीव प्रवर्गातल्या जागांवरही बाई उभी राहू शकतेच की. कायद्याने कुणी अडवलेलं नाही, हे खरंच. पण व्यवहारात काय होतं ते सांगते. बचत गटांच्या कामातून माझी एका प्राध्यापिकेशी ओळख झाली. वीस वर्षांची नोकरी, विद्यार्थ्यांत नाव, हिशेबाला पक्क्या. २०२२च्या अखेरीस राज्यातल्या अनेक विद्यापीठांत या निवडणुका झाल्या, तेव्हा त्यांनी खुल्या जागेवर उभं राहायची तयारी केली होती. पॅनल ठरवणाऱ्यांचं उत्तर आलं, "मॅडम, तुमच्यासाठी महिला जागा आहे ना! पण या वेळी ती दुसरीकडे द्यायचं ठरलंय." विषय संपला. म्हणजे बायकांना पुढे आणण्यासाठी केलेली राखीव जागा हीच त्यांना थांबवण्याची सबब झाली. उंबरठा ओलांडता यावा म्हणून दिलेली पायरी आपण शेवटची पायरी करून टाकली.

आता गंमत बघा. या निवडणुकीतली मतं मोजण्याची पद्धत नीट समजून घेतली, तर बायकांना खुली जागाच जास्त सोपी आहे. इथे शिक्का मारायचा नसतो. उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायचे असतात. निवडून यायला ठरावीक मतांचा कोटा लागतो. एकूण वैध मतांना जागांपेक्षा एकाने जास्त आकड्याने भागायचं आणि त्यात एक मिळवायचा. समजा वैध मतं ६०० आहेत आणि खुल्या जागा ५. मग ६००ला ६ने भागून आले १००, अधिक एक म्हणजे कोटा १०१. राखीव जागेचं मतदान वेगळं असतं आणि जागा एकच, म्हणून तिथे भागायचं २ने. कोटा झाला ३०१. म्हणजे महिला जागेसाठी निम्म्याहून जास्त मतांचा पाठिंबा गोळा करावा लागतो, तो मोठ्या पॅनललाच जमतो. खुल्या जागेसाठी मात्र सहाव्या हिश्श्याएवढी मतं पुरतात. सहा मतदारांमागे एकीने जरी पहिली पसंती बाईला दिली, तरी ती कोट्याच्या दारात पोचते.

अट एकच, १चा आकडा बाईपुढे पडला पाहिजे. "पहिली पसंती सरांना द्या, मॅडमना चौथी आहेच," असं सांगणारे घरी, स्टाफरूममध्ये, सगळीकडे भेटतात. चौथी पसंती म्हणजे लग्नाच्या पंगतीतलं शेवटचं पान. वाढपी तिथपर्यंत येईल तेव्हा खरं.

"पण बायका उभ्याच राहत नाहीत हो," हे वाक्यही नेहमीचं. कशा राहतील? शिवाजी विद्यापीठाचं उदाहरण घ्या. कोल्हापूर, सांगली आणि सातारा, तीन जिल्ह्यांतली कॉलेजं. प्रचार करायचा तर सकाळी एस.टी.ने निघून रात्री परतायचं, आणि असं कित्येक दिवस. सरांच्या मागे घरी डबा तयार असतो. मॅडमच्या मागे कुकर, मुलाची दहावी आणि सासूबाईंची औषधं असतात. ही अडचण निवडणूक आयोग सोडवणार नाही, ती घरानेच सोडवायची. आपल्या घरात, शेजारात अशी एखादी मॅडम असेल, तर "कशाला नसत्या भानगडीत पडतेस" म्हणण्याऐवजी "महिनाभर मुलांचं आम्ही बघतो" म्हणून तर बघा.

बाई आली म्हणजे सगळं आपोआप सुधारतं, असं माझं म्हणणं नाही. सरपंचबाईंच्या खुर्चीवर त्यांचे यजमान बसलेले मी पाहिलेत. पण खुर्चीवर खरोखर बाई असली की काय घडू शकतं, याचं एक उदाहरण आपल्या सर्वांना माहीत असावं. डॉ. स्नेहलता देशमुख १९९५ ते २००० या काळात मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. पदवी प्रमाणपत्रावर आईचं नाव यावं, हा निर्णय त्यांचा. त्या निवडणुकीने आलेल्या नव्हत्या, नेमलेल्या होत्या. पण इतकी वर्षं कुणाच्या लक्षातही न आलेली गोष्ट एका बाईच्या लक्षात आली, हे महत्त्वाचं.

अशाच लक्षात न येणाऱ्या गोष्टींत सगळ्यात मोठी आहे तासिका तत्त्वावरच्या शिक्षिकांची. नेट, सेट झालेल्या कितीतरी मुली तासाच्या हिशेबाने शिकवतात. सुट्टी लागली की पगार बंद, बाळंतपण आलं की कामही गेलं. कायद्याच्या व्याख्येत शिक्षक म्हणजे पूर्णवेळ, मान्यताप्राप्त शिक्षक. त्यामुळे या मुलींना मतही नाही. ज्यांना मत नाही त्यांच्या दारी उमेदवार कशाला जाईल? म्हणून ज्यांना मत आहे त्यांनीच यांच्यासाठी बोलायला हवं. मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, बाई असो की पुरुष, विचारा: तासिकेवरच्या शिक्षिकांसाठी काय मांडणार? मुलींच्या वसतिगृहासाठी अंदाजपत्रकात किती मागणार? गेल्या पाच वर्षांत सभेत किती प्रश्न विचारलेत?

आपण गृहिणी आहोत म्हणून हात झटकू नका. पदवीधरांच्याही १० जागा अधिसभेत असतात. आपली बी.ए., बी.कॉम.ची पदवी कपाटात साड्यांखाली पडलीय ना? ती काढा आणि नोंदणी सुरू झाली की मतदार म्हणून नाव घाला. २०२२च्या हिशेबाने बहुतेक ठिकाणी पुढची निवडणूक २०२७च्या आसपास येईल.

आणि प्राध्यापक मैत्रिणींनो, तुम्हाला एकच सांगणं आहे. या वेळी अर्ज भरताना महिला जागेचा भरू नका, खुल्या जागेचा भरा. तुमच्यापुढे १ लिहायला लावणं, ते काम आमच्यावर सोपवा.