विश्लेषण : आजोबांची नाणी नातवाच्या हाती… पण कोणत्या अल्बममधून?

अनेक घरांत बिस्किटांच्या जुन्या डब्यात किंवा कापडी पुरचुंडीत काही नाणी जपलेली असतात. दोन-चार राणीछाप रुपये, भोकाचा पैसा, चवल्या-पावल्या, तीन पैशांची षटकोनी नाणी. मुंज, वाढदिवस किंवा दहावीचा निकाल असे निमित्त साधून ती नातवाला, भाचीला द्यायची ठरते. मग घाईने एक जाडजूड, चकचकीत अल्बम आणला जातो आणि पन्नास-साठ वर्षे डब्यात सुखरूप राहिलेली नाणी त्या अल्बममध्ये चार-पाच पावसाळ्यांत हिरवी पडतात.

अल्बममुळे नाणे खराब कसे होते?

स्वस्त अल्बमचे पारदर्शक खिसे बऱ्याचदा पीव्हीसी या प्लास्टिकचे असतात. ते मऊ राहावे म्हणून त्यात काही रसायने मिसळलेली असतात. उष्णता आणि दमटपणामुळे ही रसायने हळूहळू बाहेर झिरपतात, प्लास्टिकचेही विघटन होऊन आम्ल तयार होते आणि नाण्यावर हिरवट, चिकट थर बसतो. तांबे, कांसे आणि चांदीला त्याचा फटका आधी बसतो. थर वेळीच काढला तर नाणे वाचू शकते. पण एकदा पृष्ठभागावर खड्डे पडले की ते भरून येत नाहीत. मुंबई-कोकणच्या हवेत तर हा धोका अधिकच.

ओळखायचे कसे? खिसा मऊ, लवचीक असेल आणि त्याला नव्या रेनकोटसारखा वास येत असेल तर तो अल्बम घेऊ नये. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचे खिसे थोडे कडक असतात, त्यांना असा वास नसतो. विक्रेत्याला ‘पीव्हीसी आहे का’ असे थेट विचारावे. उत्तर देताना तो घुटमळला तर दुसरे दुकान गाठावे. साधा पुठ्ठा, वर्तमानपत्राचा कागद आणि रबरबँडही नाण्यांपासून दूरच बरे. रबरातील गंधकाने चांदी काळी पडते.

ठरावीक खाचांचा अल्बम की मोकळे खिसे?

खाचांच्या अल्बमची गंमत वेगळी असते. रिकामी खाच दिसली की मूल ती भरायला धडपडते. पण भारतीय नाण्यांपुढे हा अल्बम लवकर हात टेकतो. एक रुपयाचेच पाहा : 1962चे नाणे 28 मिलिमीटरचे, 1983 मध्ये ते 26चे झाले, 1992 मध्ये 25चे, 2011 मध्ये 22चे आणि 2019च्या मालिकेत 20चे. चांदीचा राणीछाप रुपया त्याहून मोठा, साधारण साडेतीस मिलिमीटरचा. शिवराई तर हाताने घडवलेली. दोन शिवराया एका मापाच्या मिळायच्या नाहीत. तेव्हा दोन इंची चौकोनी पुठ्ठ्याचे, पॉलिएस्टरची खिडकी असलेले होल्डर आणि ते ठेवायला पॉलिप्रॉपिलीनची पाने असलेली रिंगची फाइल, हीच जोडी सोयीची. दिसायला साधी, पण पाने हवी तशी वाढवता येतात. होल्डरच्या पिना मात्र पक्कडीने सपाट कराव्यात, नाहीतर त्या शेजारच्या नाण्याला ओरखडे काढतात. नाणे आत ठेवण्याआधीच पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहावे : कोणते नाणे, कोणत्या वर्षाचे, घरात कोणाकडून आले. आजोबांच्या पहिल्या पगारातला रुपया असेल तर ते कोणत्याही कॅटलॉगमध्ये सापडणार नाही.

भरलेला अल्बम द्यावा का?

नको. पूर्ण भरलेला अल्बम मूल एकदा चाळते, ‘छान आहे’ म्हणते आणि तो कपाटात जातो. त्यापेक्षा अल्बम दोन करावेत. घरची जुनी नाणी एका अल्बममध्ये, मूल जाणते होईपर्यंत मोठ्यांच्या ताब्यात, पण मागितल्यावर दाखवायची. दुसरा अल्बम मुलाचा स्वतःचा, चलनातल्या नाण्यांचा आणि बराचसा रिकामा. प्रत्येक वर्षासाठी चार खिसे मोकळे सोडावेत, कारण देशात टांकसाळी चार आहेत. नाण्यावर सालाखाली चौकटच्या आकाराची खूण असेल तर ते मुंबईचे, तारा असेल तर हैदराबादचे, ठिपका असेल तर नोएडाचे आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे. हे एकदा कळले की किराणा दुकानातून आलेली सुटी नाणी मूल उलटसुलट करून पाहू लागते. मुले नाणी हरवतात, हे खरे. पण पाच रुपयांचे नाणे हरवले तर पाच रुपयेच हरवतात. घरात रांगते मूल असेल तर मात्र दोन्ही अल्बम उंचावर हवेत.

घासून लख्ख करून द्यावीत का?

अजिबात नाही. दिवाळीत पूजेची नाणी चिंच किंवा लिंबू लावून घासण्याची सवय अनेक घरांत आहे. त्याने वरचा थर जातो, बारीक नक्षी झिजते आणि संग्राहकाच्या लेखी नाण्याची किंमत उतरते. काळवंडलेले नाणे तसेच ठेवावे, कडेला धरून हाताळावे. अल्बमच्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि पावसाळ्यात त्या बदलाव्यात.

नातू परदेशात असेल तर?

इथे अल्बमपेक्षा कायदा आधी येतो. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, 1972 नुसार ऐतिहासिक महत्त्वाचे, शंभर किंवा त्याहून अधिक वर्षे जुने नाणे ही पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. व्हिक्टोरिया राणीच्या नावाचे रुपये 1901 पर्यंतचे, म्हणजे सगळेच या व्याख्येत येतात. गोव्यातल्या घरांत सापडणारे, शंभरी ओलांडलेले पोर्तुगीज रुपियाही त्यातून सुटत नाहीत. उल्लंघनासाठी सहा महिने ते तीन वर्षे तुरुंगवासाची तरतूद आहे. ‘घरचेच तर आहे’ म्हणत सुट्टीवर आलेल्या लेकीच्या बॅगेत राणीछाप रुपये टाकण्यात हा धोका आहे. न्यू जर्सीतल्या नातवासाठी 1957 मध्ये दशमान पद्धतीबरोबर आलेल्या नव्या पैशांपासून सुरुवात करावी. ती नाणी अजून शंभरीपासून दूर आहेत. राणीछाप रुपये त्याच्या नावाची चिठ्ठी लावून इथल्या घरीच ठेवावेत.