कागदावरचे रूळ

घरात मॉडेल रेल्वे मांडायची, तर आधी तिचा आराखडा प्लॉटरवर खऱ्या मापात छापून प्लायवूडवर अंथरावा. एचओ प्रमाणात, म्हणजे १:८७ मध्ये, दोन रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर. दुकानदाराने सवयीने ‘फिट टू पेज’ दाबलं आणि नकाशा ९७ टक्क्यांवर आला, तर रुळांतला अर्ध्या मिलिमीटरचा फरक डोळ्याला कळतही नाही. २ मीटरच्या मार्गात मात्र ६ सेंटिमीटरची खोट येते आणि विकतचे सांधे कागदावर बसत नाहीत. म्हणून आराखड्याच्या कोपऱ्यात १०० मिलिमीटरची रेघ आखून ठेवा. छापील गुंडाळी हातात आली, की पैसे देण्याआधी तिच्यावर पट्टी लावा. करवत त्यानंतर.