शील आणि लौकिक

‘आपल्या समाजाचे नाव खाली जाईल असे काही करू नकोस,’ हे वाक्य ऐकतच मी मोठा झालो. देहूरोडला लष्कराच्या कोठारांमुळे नाना प्रांतांची, नाना धर्मांची माणसे एकमेकांच्या शेजारी राहायला आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 25 डिसेंबर 1954 रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली तो विहारही इथलाच. अशा गावात माणसाची ओळख पुष्कळदा त्याच्या समाजावरून होते. आमची ख्रिस्ती घरे थोडी. ‘ही माणसे सरळ असतात,’ असे कोणी म्हटले की घरातल्या वडीलधाऱ्यांना धन्यता वाटे. तो लौकिक सांभाळणे हाच धर्म, असे मलाही वाटू लागले. हा समज किती पोकळ आहे, ते एका लहानशा प्रसंगाने मला शिकवले.

गेल्या वर्षी मी आणि माझा एक वर्गमित्र लोकलने कॉलेजला निघालो होतो. डब्यात टी. सी. आले. मित्राचा पास आदल्या दिवशीच संपला होता. त्याला उभे करून त्यांनी दंड भरायला लावला. समोरच्या बाकावरील गृहस्थ ‘आजकालची पोरं!’ असे म्हणाले. आम्ही दोघांनी पास एकाच दिवशी काढले होते. म्हणजे माझाही संपलेलाच होता. मी तो प्लॅस्टिकच्या पाकिटातून लांबूनच दाखवला. तारीख कोणी पाहिली नाही. त्याच गृहस्थांनी माझ्या गळ्यातील क्रूसाकडे पाहून मित्राला माझा आदर्श ठेवायला सांगितले. मी गप्प बसलो.

त्या सकाळी मित्राची अब्रू गेली आणि माझी वाढली. शील मात्र दोघांचे सारखेच होते. किंबहुना माझे थोडे उणेच, कारण त्याने निदान दंड तरी भरला होता.

लौकिक लोकांच्या तोंडी असतो. तो चुकून मिळतो, चुकून जातो. शील म्हणजे कोणी पाहत नसताना आपण जे असतो ते. म्हणूनच डोंगरावरील प्रवचनात येशूने दानधर्माचा गाजावाजा नको म्हटले आणि प्रार्थना करायची ती खोलीत जाऊन, दार लावून करावी, असे शिकवले. स्वतः येशूला तर गुन्हेगाराचे मरण आले. त्या काळी क्रूस हे बेअब्रूचे चिन्ह होते. आज आपण तो सोन्याचा करून गळ्यात घालतो आणि त्याच्या आड संपलेला पास लपवतो!

या दाराच्या शिकवणीची दुसरी बाजू मला पंडिता रमाबाईंच्या चरित्रात सापडली. रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदासदन काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात आणले. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखी थोर माणसे सल्लागार मंडळात होती. सदनात धर्मोपदेश करायचा नाही, असे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत बायबल वाचीत, प्रार्थना करीत. पण दार बंद करीत नसत. काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. यावरून वादळ उठले. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, 1893 मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. टीकाकारांची बाजू अगदीच निराधार होती, असे मी म्हणणार नाही. दिलेल्या शब्दाचा प्रश्न त्यांना खराच महत्त्वाचा वाटत होता. पण दार लावून घेतले असते तर रमाबाईंचा लौकिक पुष्कळसा वाचला असता. त्यांनी ते लावले नाही.

येशू दार लावायला सांगतो आणि रमाबाई ते उघडे ठेवतात, हा विरोध वरवरचा आहे. लोकांनी वाहवा करावी म्हणून दार उघडू नये, आणि लोक नावे ठेवतील म्हणून लावूही नये. दाराची कडी लोकांच्या हाती देऊ नये, हेच दोन्हींचे सार. पुढे 1896-97 च्या दुष्काळात उपाशी, निराधार मुलींना केडगावी आसरा देताना रमाबाईंना पुण्यातील गेलेल्या नावाची गरज भासली नाही.

रेव्हरंड टिळकांची गोष्ट आणखी वेगळी. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे मानणारा हा कवी. त्यांचा तापट स्वभाव, पैशाविषयीची बेफिकिरी, हे सारे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त मोकळेपणाने लिहिले. त्यामुळे टिळक लहान झाले काय? उलट वाचक त्यांच्यावर अधिकच प्रेम करू लागले. ज्याचे शील खरे असते, त्याचे दोष झाकावे लागत नाहीत.

दोष झाकले की काय होते, हेही अलीकडेच जगाने पाहिले. चेन्नईत जन्मलेले रवी झकरायस हे जगप्रसिद्ध ख्रिस्ती वक्ते होते. 2017 मध्ये एका स्त्रीने त्यांच्याविरुद्ध तक्रार केली, तेव्हा त्यांच्या संस्थेने त्यांचीच बाजू घेतली. 2020 मध्ये ते वारले. 2021 च्या फेब्रुवारीत संस्थेनेच नेमलेल्या तपासात त्यांनी अनेक स्त्रियांशी केलेले लैंगिक गैरवर्तन उघड झाले आणि संस्थेला माफी मागावी लागली. संस्थेचे नाव राखायला निघालेल्यांनी नावही घालवले आणि त्या स्त्रियांवर दुसरा अन्यायही केला. ‘समाजाचे नाव’ या शब्दाची मला आता भीती वाटते ती यामुळेच.

मग लौकिकाला काहीच किंमत नाही काय? आहे. लोकलज्जेमुळे दुबळा माणूसही पुष्कळदा वाट सोडत नाही. पण लोकांची पाठ फिरताच जो चांगुलपणा संपतो, तो आपला नव्हे, उसना आहे.

लोकलमधील त्या प्रसंगानंतर दुसऱ्या दिवशी मी नवा पास काढला. मित्राला खरे सांगायला मात्र तीन महिने लागले. तो हसून सोडून देईल, असे मला वाटले होते. तो हसला नाही. ‘तेव्हाच बोलला असतास तर मी एकटा पडलो नसतो,’ एवढेच म्हणाला.

माझ्या गप्प बसण्याने समाजाचे नाव राहिले असेल. पण त्याची किंमत माझ्या मित्राने भरली. आता कोणी माझ्या गळ्यातील क्रूसाकडे पाहून मला चांगला म्हटले, की मी आधी पासवरची तारीख पाहतो.