दोन थेंब देणारा देश दोन थेंब घेणार कधी?

पोलिओच्या लशीचे दोन थेंब प्रत्येक बालकाच्या तोंडात पडावेत म्हणून या देशाने दीर्घकाळ जिवाचे रान केले. रेल्वे स्थानके, वीटभट्ट्या, बांधावरच्या झोपड्या, काहीही सुटले नाही. जानेवारी २०११ मध्ये देशातील शेवटचा रुग्ण आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. लहान मुलांच्या आणखी एका अपंगत्वाला असाच आळा घालता येईल. त्यासाठी बाळाला थेंब पाजायचे नाहीत, तर जन्मानंतर त्याच्या टाचेतून रक्ताचे दोन-चार थेंब घ्यायचे आहेत. तरीही हे साधे काम देशपातळीवर अजून मार्गी लागलेले नाही.

हे अपंगत्व येते जन्मजात थायरॉईड-न्यूनतेमुळे. गळ्यातील थायरॉईड ग्रंथी काही बाळांमध्ये तयारच होत नाही. काहींमध्ये ती अपुरी किंवा भलत्या जागी असते. तर काहींमध्ये ती जागेवर असूनही थायरॉक्सिन हे संप्रेरक पुरेसे बनवू शकत नाही. शरीराची उंची, हाडांची वाढ आणि मुख्यतः पहिल्या दोन-तीन वर्षांतील मेंदूची घडण या संप्रेरकावर अवलंबून असते. ते वेळेत मिळाले नाही, तर मूल खुजे राहते आणि त्याची बुद्धी कायमची मंदावते. उंचीची भरपाई पुढे काही अंशी होते. मेंदूच्या हानीची होत नाही.

दिसत नाही, म्हणून सापडत नाही

या विकाराचे खरे संकट म्हणजे त्याची शांतता. आईच्या रक्तातील थायरॉक्सिन काही प्रमाणात वारेतून गर्भापर्यंत पोहोचत असल्याने बहुतेक बाळे जन्मतः अगदी निरोगी दिसतात. पुढे रेंगाळणारी कावीळ, बद्धकोष्ठता, घोगरे रडणे, फुगलेली बेंबी, दूध ओढण्यातील आळस अशी चिन्हे हळूहळू उमटतात. घरात मात्र ‘बाळ फार गुणी आहे, रडतच नाही’ असे कौतुक चाललेले असते. मूल वेळेवर बसले नाही, बोलले नाही, तर ‘याचे वडीलही उशिराच बोलले’ असा दिलासा दिला जातो. अखेर मूल डॉक्टरांपुढे येते तेव्हा सोन्यासारखे महिने निघून गेलेले असतात.

उपचार याच्या अगदी उलट, सोपा आहे. थायरॉक्सिनची गोळी कुस्करून आईच्या दुधात किंवा पाण्यात कालवून चमच्याने रोज द्यायची. औषध जुने, स्वस्त आणि सर्वत्र मिळणारे आहे. पहिल्या दोन आठवड्यांत ते योग्य मात्रेत सुरू झाले आणि नियमित राहिले, तर बहुतेक मुले इतरांसारखीच वाढतात, शिकतात. काही बाळांमधील दोष तात्पुरता असतो. त्यांचे औषध तीन वर्षांच्या वयानंतर फेरतपासणी करून थांबवता येते.

कॅनडातील क्वेबेक प्रांतात जाँ दुसो यांनी १९७४ मध्ये नवजात बालकांच्या रक्तातून हा विकार शोधण्याची पद्धत सुरू केली आणि बघता बघता ती अनेक देशांची नित्याची आरोग्यसेवा झाली. ही श्रीमंतांची चैन आहे, या म्हणण्यातही तथ्य नाही. चीनने १९९४ च्या माता-बालक आरोग्य कायद्यात नवजात तपासणीला स्थान दिले. फिलिपिन्सने २००४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदाच केला.

आकडे काय सांगतात

आपल्याकडे हा विकार दुर्मीळ आहे, ही समजूतही आता मागे पडली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबई, दिल्ली, चेन्नई, हैदराबाद व कोलकाता या पाच केंद्रांवर एक लाखाहून अधिक नवजात बालकांची तपासणी केली. सुमारे ११३० बाळांमागे एकाला जन्मजात थायरॉईड-न्यूनता आढळली. देशात वर्षाला सव्वादोन कोटींहून अधिक बालके जन्मतात, हे लक्षात घेतले तर दरवर्षी सुमारे वीस हजार बाळांचा हा प्रश्न आहे. महाराष्ट्रापुरता हाच हिशेब मांडला, तर ही संख्या दीड हजारांच्या पुढे जाते.

याच पाहणीत अधिवृक्क ग्रंथीचा एक जन्मजात विकारही ५७६२ बाळांमागे एकात दिसला. त्याच्या तीव्र प्रकारात दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात शरीरातील क्षार वेगाने घटून बाळ दगावू शकते. मुलींमध्ये जननेंद्रियांच्या वेगळ्या रचनेवरून शंका तरी येते. मुलग्यांमध्ये तेही नसते. ‘जुलाब-उलट्यांनी गेला’ अशी नोंद झालेल्या किती बाळांना हा विकार होता, हे कोणीच सांगू शकणार नाही. टाचेच्या त्याच थेंबांतून तोही कळतो.

मग अडते कुठे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथूनच झाला. जन्मतः असलेल्या दोषांपासून विकासातील विलंबापर्यंत तीस बाबींची तपासणी त्यात आखलेली होती. जन्मजात थायरॉईड-न्यूनतेचा त्या यादीत समावेश झाला, पण राज्यांनी गरजेनुसार करायची ऐच्छिक बाब म्हणून. शिवाय बाळाला पाहून, हाताळून होणाऱ्या तपासणीत हा विकार सापडतच नाही. त्याला रक्तच हवे. गोव्याने २००८ मध्ये राज्यव्यापी नवजात तपासणी सुरू करून धाडस दाखवले, पण पुढे तो उपक्रम खंडित झाला. केरळने सरकारी रुग्णालयांतून ही सेवा दिली. बाकी चित्र विस्कळीत आहे. शहरांतील खासगी प्रसूतिगृहांत अनेक विकारांच्या तपासणीचे महागडे ‘पॅकेज’ पालकांपुढे ठेवले जाते, तर सरकारी रुग्णालयात जन्मलेल्या बहुतेक बाळांना या एका चाचणीचाही लाभ मिळत नाही.

चाचणीपेक्षा पाठपुरावा अवघड

प्रयोगशाळा उभारली की काम संपले, असे मात्र मानू नये. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसात टीएसएच हे संप्रेरक नैसर्गिकरीत्याच उसळलेले असते. म्हणून नमुना ४८ ते ७२ तासांदरम्यान घेणे उत्तम. पण साध्या बाळंतपणानंतर अनेक माता त्याआधीच घरी जातात. त्यावर नाळेतील रक्त तपासण्याचा पर्याय भारतीय बालरोगतज्ज्ञांनी मान्य केलेला आहे.

खरी कसोटी पुढे आहे. अहवालात दोष दिसला, तर ते बाळ शोधायचे कसे? आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. नोंदवहीत पत्ता सासरचा, मुक्काम माहेरचा. बाळाचे बारसेही झालेले नसते. ऊसतोडणीच्या किंवा बांधकामाच्या कामावरील कुटुंब तर आठवडाभरात दुसऱ्या जिल्ह्यात पोहोचलेले असते. दोन आठवड्यांच्या मुदतीत या बाळापर्यंत निरोप आणि औषध पोहोचले नाही, तर चाचणी करूनही ती न केल्यासारखीच ठरते.

सुदैवाने त्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. नवजात बाळाच्या घरी ‘आशा’ कार्यकर्तीने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी आणि पुढेही भेट द्यावी, ही व्यवस्था आधीच अस्तित्वात आहे. रक्ताच्या नमुन्याबरोबर माहेर व सासर अशा दोन्हीकडचे दूरध्वनी क्रमांक नोंदवणे, विभागीय प्रयोगशाळांतून ठरावीक दिवसांत अहवाल देणे, दोष आढळल्यास तो थेट ‘आशा’ व आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचवणे आणि औषधाचा पुरवठा अखंड ठेवणे, एवढी साखळी जोडली तरी पुष्कळ साधेल. या कामाचे मोल त्या ‘आशां’ना वेगळे व वेळेवर मिळाले पाहिजे, हेही ओघानेच आले.

कुपोषण आणि बालमृत्यू समोर असताना हा खर्च कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. तो एकेकाळी रास्त होता. मात्र महाराष्ट्रातील बालमृत्यूचे प्रमाण २०२० मध्ये हजारी १६ पर्यंत खाली आले होते. जगणाऱ्या मुलांची संख्या वाढते, तसतसे ती कशी जगणार, याची जबाबदारीही शासनावर येते. एका मतिमंद मुलाचे आयुष्यभराचे संगोपन बहुधा त्याच्या आईच्या वाट्याला येते आणि त्या श्रमाची नोंद कोणत्याही अर्थसंकल्पात होत नाही. ती धरली, तर चाचणीचा खर्च फार वाटणार नाही.

‘ऐच्छिक’ हा एक शब्द बदलण्यापासून सुरुवात करता येईल. सरकारी प्रसूतिगृहांत एवढी एक चाचणी सक्तीची व मोफत झाली, तरी राज्यातील शेकडो मुले दरवर्षी इतरांच्या बरोबरीने शाळेची पायरी चढतील. तोपर्यंत आई-वडिलांनी एक गोष्ट स्वतःहून करावी. प्रसूतीनंतर घरी जाण्यापूर्वी बाळाच्या थायरॉईडची तपासणी झाली का, हे डॉक्टरांना विचारावे; झाली नसल्यास आग्रह धरावा आणि अहवाल हाती येईपर्यंत तो सोडू नये.