रमाईंच्या बालपणाचे दालन

चंडीगडच्या पाचव्या सेक्टरात वास्तुविशारद पिएर जानेरे यांचे राहते घर २०१७पासून संग्रहालय आहे. त्यांनी घडविलेल्या फर्निचरचेही तेथे जतन झाले आहे. साहेबांच्या बंगल्याला हे भाग्य लाभते. दापोली तालुक्यातील वणंद येथे माता रमाईंचे स्मारक आहे. पण तेथे त्यांच्या बालपणाचे दालन उभारायचे, तर मांडायचे काय? वडील दाभोळ बंदरात मासळीच्या पाट्या वाहत. आईवडील लवकर गेले. पोरकी भावंडे काका-मामांच्या आश्रयाने मुंबईस आली. १९०६ साली भायखळ्याच्या मासळी बाजारात, गिऱ्हाइके पांगल्यावर, रात्री विवाह झाला. वधूला दहावे वर्षही पुरे झाले नव्हते. अशा घरातून खेळणी, तसबिरी कशा उराव्यात? सरकारी समित्या मग पुतळ्याची उंची ठरवितात. त्यापेक्षा मासळीची एक भरली पाटी ठेवावी, प्रेक्षकाला ती उचलू द्यावी. बाबासाहेबांचे नाव पुढच्या दालनात आले तरी चालेल.