वर्गणी सारखी, मग करमणूक का नाही?

जत्रेत वग रंगात येतो, सारा मांडव हसतो; पण ऐकू न येणारा आपलाच माणूस नुसता इतरांच्या तोंडाकडं बघत राहतो. लंडनच्या नॅशनल थिएटरने २०१८ मध्ये यावर चष्मा आणला. नाटक चालू असताना संवाद काचेवरच अक्षरांत उमटतात. मात्र संहिता संगणकात आधी भरावी लागते. नट बोलेल तशी तो ओळ पुढं सरकवतो. आपली बतावणी पडली आयत्या वेळची, तिथं हा चष्मा अडणार. म्हणून त्याची वाट पाहू नका. दिव्यांगांना सांस्कृतिक जीवनाचा हक्क २०१६ च्या कायद्यानेच दिला आहे. सरपंच, यात्रा कमिटीवाले, यंदा स्टेजशेजारी खुणांच्या भाषेचा एक दुभाषा उभा करा. वर्गणी घरटी सारखीच घेता ना?