कारची बॅटरी किती वर्षं टिकते? जालन्याच्या उन्हात हिशेब वेगळा
राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी आहे. त्यामुळे आमच्या जुन्या जालन्यातही ईव्हीच्या बॅटरीची चर्चा असते. तिला बऱ्याच कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किमीची वॉरंटी देतात. पण माझ्या मते आधी साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीकडे बघा. ती पेट्रोल-डिझेल कारमध्ये असते, बहुतेक ईव्हीतही असते आणि साधारण ३ ते ५ वर्षांत बदलावी लागते.

तिचा खरा शत्रू ऊन. मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो. उष्णतेनं आतल्या प्लेट्स लवकर गंजतात, पाणी उडतं. गाडी मात्र बंद पडते थंडीतल्या सकाळी, आणि दोष थंडीला जातो! दुसरं कारण छोटे फेरे. कुंडलिका ओलांडून नव्या जालन्यात जाऊन आलं, तर स्टार्टला खर्च झालेलं चार्जिंगही नीट भरून निघत नाही.

मग काय कराल? गाडी सावलीत लावा. आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग चालवा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मल्टिमीटरवर १२.६ व्होल्ट दिसले तर बॅटरी फुल. आकडा कायम १२.४ च्या खाली असेल, तर हिवाळ्याआधीच तपासून घ्या.